सात आसनी गाडीचे टायर घेताना
मँचेस्टरच्या पावसात कुटुंबाची सात आसनी गाडी चालवणाऱ्याने टायर घेताना किमतीआधी भारांक पाहावा. टायरच्या कडेवर मापानंतर 91 असेल तर तो 615 किलो पेलतो, 95 असेल तर 690. चार चाकांवर हा फरक 300 किलोंचा, म्हणजे भारतातून आलेल्या आजी-आजोबांचा आणि त्यांच्या बॅगांचा! गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या भारांकाहून कमी भारांकाचा टायर कितीही स्वस्त असला तरी नको. त्यानंतर ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी: ‘ए’ उत्तम, ‘ई’ सर्वांत खालची. या दोन्ही कसोट्यांना उतरणारा मध्यम किमतीचा टायर पुरेसा आहे. मोठ्या नावाचा हट्ट अनाठायी. वापरलेले टायर मात्र टाळावेत. ते अवघ्या 2 मिलिमीटर खाचांवरही कायद्याने विकता येतात, आणि खाच 1.6 मिलिमीटरखाली गेली की प्रत्येक टायरमागे 2,500 पौंडांपर्यंत दंड व परवान्यावर 3 गुण.