घाटाचा अर्थ आणि अर्थाचा घाट

बुलढाणा जिल्ह्यातील माणसाची ओळख तालुक्याच्या नावाने पुरी होत नाही; तो घाटावरचा की घाटाखालचा, हे आधी विचारले जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा वर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद खाली. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट तर येथील प्रत्येक प्रवाशाच्या पायाखालचा. परंतु हाच ‘घाट’ नदीला असतो तेव्हा त्याच्या पायऱ्या होतात, मडक्याला असतो तेव्हा आकार होतो, कादंबरीला असतो तेव्हा रचना होते, आणि कोणी काही ‘घाट घातला’ असे म्हटले की त्यात बेताचा व खटाटोपाचा वास येऊ लागतो. मुंबईत याच शब्दापासून झालेला ‘घाटी’ माणसाला हिणवण्यासाठी वापरला गेला; बुलढाण्यात ‘घाटावरचा’ म्हणजे निव्वळ भूगोल. एका दोन अक्षरी शब्दाच्या पोटात एवढे सारे कसे सामावते, आणि ऐकणाऱ्याला त्यातले नेमके काय व केव्हा कळते, हा प्रश्न वैयाकरणांइतकाच आता गणितज्ञांनाही पडला आहे.

शब्दकोश या प्रश्नाचे उत्तर क्रमांक घालून देतो. पहिला अर्थ, दुसरा अर्थ, तिसरा अर्थ. या पद्धतीमागे एक गृहीत आहे. शब्द उच्चारणाऱ्याच्या मनात यांपैकी एकच अर्थ असतो आणि ऐकणाऱ्याला तो ठाऊक नसतो, एवढेच काय ते अज्ञान. मलकापूरच्या बसस्थानकावर कोणी ‘घाट बंद आहे’ म्हणाला, तर हे गृहीत अगदी बरोबर ठरते. पायऱ्या की रस्ता, असा क्षणभर संशय आला तरी एका प्रश्नात तो फिटतो. पण ‘घाट चढता चढताच माणसाला घाट येतो’ असे एखादे वाक्य घ्या. येथे चढण आणि आकार हे दोन्ही अर्थ एकमेकांत शिरतात. दुसऱ्या ‘घाटा’तून पहिला वजा केला तर वाक्यच उरत नाही. पहिल्या प्रकारात अर्थ अनेक असले तरी एक खरा असतो. दुसऱ्या प्रकारात अनेक अर्थ एकदमच खरे असतात. हा भेद गणिताने मांडायचा कसा?

येथे पुंज-यामिकीचे गणित उपयोगी पडते. १९३२ साली जॉन फॉन नॉयमन यांनी त्याची जी चौकट घालून दिली, तीत कणाची स्थिती म्हणजे एका अवकाशातील सदिश, अर्थात दिशा असलेली रेषा. शब्दालाही अशी रेषा देता येते. ‘घाट’ या शब्दाच्या शेजारी वळण, उतार, दरड हे शब्द किती वेळा येतात, पायऱ्या, दिवे, स्नान किती वेळा येतात, कुंभार, चाक, कविता किती वेळा येतात, हे मोजले की त्या आकड्यांनी शब्दाची दिशा ठरते. कोणते अक्ष धरून ती दिशा पाहायची, हे संदर्भ ठरवतो.

आता ज्यांनी शाळेत (अ + ब)² चा विस्तार केला आहे, त्यांना पुढील गोष्ट समजण्यास अडचण पडू नये. नेहमीच्या संभाव्यतेत दोन अर्थांच्या शक्यता सरळ मिळवतात. पुंज-यामिकीत मात्र आधी त्यांची मुळे मिळवतात आणि मग वर्ग करतात. त्यामुळे अ² आणि ब² यांच्याबरोबर २अब हे तिसरे पद निघते. भौतिकशास्त्रात त्याला व्यतिकरण म्हणतात. ते धन असेल तर दोन अर्थ एकमेकांना उजळतात, ऋण असेल तर एकमेकांना मारतात. गंमत अशी की, ‘या वाक्यात घाट म्हणजे चढण की आकार?’ असा थेट प्रश्न विचारला तर हे तिसरे पद दिसतच नाही. उत्तरे अ² आणि ब² या प्रमाणातच येतात. ‘वाक्य पटले काय, भिडले काय?’ असा तिरपा प्रश्न विचारला, तरच ते प्रकट होते. परीक्षेत ‘या ओळीतील श्लेष स्पष्ट करा’ असे विचारून कवितेचा प्राण का हाती लागत नाही, याचे एक कारण येथे सापडते, असे मला वाटते.

२०१५ साली पीडेलू, कार्त्साक्लिस, कूके आणि सद्रजादेह या संशोधकांनी वरील दोन प्रकारांसाठी पुंज-यामिकीतलेच दोन वेगळे साचे सुचविले. ज्या शब्दाचे अर्थ परस्परांशी असंबद्ध, त्याला ‘मिश्र’ स्थिती. ज्याचे अर्थ एकमेकांत गुंफलेले, त्याला ‘शुद्ध’ स्थिती. कूके, सद्रजादेह व क्लार्क यांनी २०१० मध्येच शब्दांच्या सदिशांपासून वाक्याचा सदिश व्याकरणाच्या नियमांनी कसा बांधावा, हे दाखविले होते.

जोडशब्दांच्या बाबतीत तर जुने तर्कशास्त्र उघडेच पडते. १९८१ साली ऑशरसन आणि स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी गप्पी माशाचे उदाहरण दिले. तो पाळीव प्राण्यांचा चांगला नमुना नाही, माशांचाही नाही, पण ‘पाळीव मासा’ म्हटले की तोच प्रथम आठवतो. (आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते गप्पी मासे पाण्यात सोडते, म्हणजे उदाहरण आपल्या जिल्ह्यात येईपर्यंत त्याचाच अर्थ बदलला.) मराठीत याहून चांगले उदाहरण घरातच आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या ज्या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचे नाव ‘खूणगाठी’. मनाशी खूणगाठ बांधणे यातला निश्चय ‘खूण’ या शब्दात नाही आणि ‘गाठ’ या शब्दातही नाही. दोहोंची बेरीज करूनही तो हाती येत नाही. बेल्जियमचे डीडरिक आर्ट्स आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षे असे जोड पुंज-यामिकीच्या गणिताने सोडवीत आहेत.

हे वाचून कोणी म्हणेल की, आमच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकातच हे सांगितले होते. तसे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. आनंदवर्धनाला सदिश ठाऊक नव्हता, आणि त्याचे मोठेपण त्यावाचून अडलेलेही नाही. त्याने केले ते असे: श्लेषात दोन्ही अर्थ सरळ सांगितलेले असतात, तर ध्वनीत प्रकरणाने एक अर्थ ठरून गेल्यावरही दुसरा उमटत राहतो, हा बारीक भेद त्याने पाहिला. भर्तृहरीने वाक्यपदीयात संयोग, वियोग, साहचर्य, विरोध, प्रकरण अशी अर्थ ठरविणाऱ्या कारणांची यादी दिली, ती मम्मटाने पुढे उचलली. आजच्या संशोधकाला आपल्या प्रतिमानात कोणकोणते संदर्भ घ्यावेत हे ठरविताना ही यादी आयती मिळते. एवढे नाते पुरे आहे.

उलट बाजूचा आक्षेपही गंभीर आहे. शब्द म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हेत. मग हे गणित भपक्यासाठी तर आणलेले नाही ना? मेंदूत पुंज-यामिकी चालते असा दावा या मंडळींपैकी बहुतेक करीत नाहीत. गणित उसने घेतले आहे, पदार्थ नव्हे. पण झाफारोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातील अशा अनेक प्रयोगांची झडती घेतली आणि त्यांतील वैचित्र्य एका प्रश्नाचा दुसऱ्यावर सरळ परिणाम झाल्याने येते, असे दाखविले. त्यासाठी एवढ्या जड यंत्राची गरज नाही. गंमत म्हणजे २०१८ साली सर्व्हांतेस आणि झाफारोव यांनाच अँडरसनच्या ‘हिमराणी’ या परीकथेवर बेतलेल्या प्रयोगात खरे संदर्भावलंबन आढळले. वाद मिटलेला नाही, आणि एवढ्यात मिटूही नये.

क्रमाच्या बाबतीत मात्र या गणिताने आपली किंमत दाखविली आहे. १९९७ साली अमेरिकेत गॅलप संस्थेने लोकांना विचारले की, क्लिंटन प्रामाणिक आहेत काय आणि गोर प्रामाणिक आहेत काय. क्लिंटन यांच्याविषयी आधी विचारले तेव्हा त्यांना ५० टक्के व गोर यांना ६८ टक्के होकार मिळाले. क्रम उलटताच आकडे ५७ आणि ६० झाले. पुंज-यामिकीत दोन मापने नेहमीच क्रमनिरपेक्ष असतात असे नाही, हे तर सर्वश्रुतच आहे. पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. महत्त्वाचे हे की, त्या गणितातून एक नेमकी अट निघते: दोन्ही प्रश्नांना होकार आणि दोन्हींना नकार देणाऱ्यांची एकत्रित टक्केवारी, क्रम उलटला तरी बदलू नये. २०१४ साली झेंग वांग, बुझमायर व सहकाऱ्यांनी ७० राष्ट्रीय पाहण्या तपासल्या आणि ही अट लक्षणीय रीतीने पाळली गेलेली आढळली.

आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा निराळाच आहे. आज विद्यार्थ्यांच्या हातातील भाषायंत्रे शब्दाला सदिशच समजतात, आणि तो सदिश त्यांना मिळालेल्या मजकुरावरून घडतो. त्या मजकुरात खंडाळ्याचा घाट शंभरदा आणि राजूरचा एकदा आला, तर ‘घाटाखालची पोरगी घाटावर दिली’ या वाक्यातील विरह, पाणी, भाषा आणि सोयरीक यांतले काहीही यंत्राला कळणार नाही. त्यात गणिताचा दोष नाही. आपली वाक्ये आपणच कोठे लिहून ठेवलेली नाहीत. मलकापूर तालुक्यातील नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून पाहून ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध केले, तेव्हा पाठभेद जपणे म्हणजे अर्थभेद जपणे, ही जाण त्यामागे होती. महानुभावांच्या दृष्टान्तपाठात सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक असे तीन थर आहेत. सूत्राचा अर्थ दृष्टान्ताच्या संदर्भातच उघडतो. जन्मांध आणि हत्ती यांचा तेथील दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे. त्यात डोळस माणूस तुकडे जुळवून हत्ती पुरा करू शकतो. पुंज-यामिकी विचारते ते असे: सगळे तुकडे एकदम पाहता येतील असा डोळसच जर नसेल तर?

रिद्धपूरला आता मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. पण वऱ्हाडी वाक्ये गोळा करण्यासाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि क्रमाची ती अट तपासण्यासाठी संगणकही लागत नाही. घाटावरच्या एका शाळेतील वर्गाचे दोन भाग करावेत, घाटाखालच्या एका शाळेतही तसेच. चढण आणि आकार दोन्ही सुचविणारे एकच वाक्य सर्वांना द्यावे. निम्म्यांना आधी ‘यात डोंगर दिसतो काय?’ आणि मग ‘यात आकार दिसतो काय?’ असे विचारावे. उरलेल्यांना उलट क्रमाने. मग दोन होकार आणि दोन नकार यांची बेरीज दोन्ही गटांत सारखी येते काय, हे फळ्यावर मांडून पाहावे. वर्ग लहान, म्हणून एका दिवसाच्या आकड्यांवर विसंबू नये. चार-पाच शाळांचे जमले की त्यांना वजन येईल. घाटावरचे आणि घाटाखालचे आकडे निराळे आले, तर ते निराळेपण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून समजून घ्यावे. त्यासाठी कोणाला तरी राजूर घाट चढून किंवा उतरून यावे लागेल.