गेम बंद केला की मुलगा चिडतो, झोपत नाही? हा माज नव्हे, सवय सुटतानाचा त्रास असू शकतो

मुंबई : बारावी झाली की तालुक्यातली कितीतरी मुलं शिकायला मुंबई गाठतात. कुणी दादरच्या कीर्ती कॉलेजात, कुणी परळच्या एम. डी.मध्ये, कुणी गिरगाव चौपाटीच्या विल्सनमध्ये. राहायला लालबाग-परळच्या चाळीत काका-मामाकडे, नाहीतर गावकीच्या खोलीत. खोलीत माणसं जास्त, ओळखीचे मित्र नाहीत. मग रात्री मोबाईलवरचा गेम हाच विरंगुळा होतो. गणपतीला मुलगा गावी येतो, घरात रेंज नसते किंवा वडील फोन काढून घेतात. दोनच दिवसांत शांत पोरगं अंगावर धावून येऊ लागतं. 'मुंबईची हवा लागली' म्हणून घरचे मोकळे होतात. पण कारण वेगळं असू शकतं.

नेमकं काय होतं?

गेममध्ये जिंकलं, लेव्हल वाढली की मेंदूत डोपामाईन हे रसायन स्रवतं आणि 'आणखी एकदा' असं वाटतं. रोज तासन् तास खेळलं की मेंदूला त्याची सवय लागते. खेळ अचानक थांबला की जेवण, गप्पा, अभ्यास सगळं बेचव वाटतं. डॉक्टर याला 'विथड्रॉवल' म्हणतात, म्हणजे व्यसन सुटतानाचा त्रास.

लक्षणं अशी : चिडचिड, बेचैनी, उदासपणा, झोप न लागणं, अभ्यासात लक्ष नसणं आणि डोक्यात सतत गेमचेच विचार. दारू अचानक सोडल्यावर हात थरथरतात, फिट येऊ शकते. गेमच्या बाबतीत तसा शारीरिक धोका नसतो, त्रास मुख्यतः मनाचा असतो. पण म्हणून तो नाटक ठरत नाही. त्यात पहाटेपर्यंत जागण्याची सवय असेल तर झोपेचं घड्याळ बिघडलेलं असतं. त्यानंही चिडचिड वाढते.

खेळणारा प्रत्येक जण आजारी नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ही यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी पाहतात : खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी गेम येणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे साधारण 12 महिने चाललेलं असावं लागतं. सुट्टीत चार दिवस जास्त खेळला म्हणजे व्यसन नव्हे. पण हजेरी घटली, एटीकेटी लागली, जेवणाची शुद्ध राहिली नाही, तर लक्ष द्यायलाच हवं.

नुसती बंदी पुरत नाही

2019 मध्ये पब्जीवर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. केंद्र सरकारनं सप्टेंबर 2020 मध्ये या गेमवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी तो नव्या नावानं परत आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर ऑगस्ट 2025 मध्ये कायद्यानं बंदी आली. मुलगा असे गेम खेळत असेल तर कर्ज झालंय का, हेही न ओरडता विचारा.

घरच्यांनी काय करावं?

- फोन हिसकावू नका, फोडू नका. कॉलेजच्या नोटीस, यूपीआय सगळं त्यातच असतं. मुलाशी बोलून खेळाचे तास टप्प्याटप्प्यानं कमी करा.
- रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. उठायची वेळ ठरवा.
- रिकामा झालेला वेळ भरा : क्रिकेट, कबड्डी, व्यायामशाळा, मंडळाचं काम. गेममधली टीम हेच त्याचे मित्र असतील, तर नवे मित्र मिळेपर्यंत एकटेपणा जाणवणारच.
- पहिले काही दिवस साधारणपणे जास्त जड जातात. त्या दिवसांत टोमणे मारू नका, चारचौघांत विषय काढू नका.

चिडचिड, उदासपणा लांबत गेला तर डॉक्टरांना दाखवा. कधी कधी गेमच्या आड आधीपासूनचं नैराश्य किंवा चिंतेचा आजार लपलेला असतो. गेम सुटला की तोच वर येतो.

मदत कुठे?

मुंबईत परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि भायखळ्याचं जे. जे. या तिन्ही सरकारी-पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. गावाकडे जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. 'टेलिमानस'च्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.

मुलगा मरणाची भाषा करू लागला किंवा स्वतःला इजा करू लागला, तर 'धमकी देतोय' म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.