उच्च प्राथमिक स्तरावरील इंग्रजी (महाराष्ट्र)

उच्च प्राथमिक स्तरावरील इंग्रजी हा महाराष्ट्र राज्याच्या अभ्यासक्रमानुसार चालणाऱ्या शाळांमध्ये इयत्ता सहावी ते आठवी या वर्गांत शिकवला जाणारा भाषाविषय आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत तो प्रथम भाषा म्हणून, तर मराठी, उर्दू व अन्य माध्यमांच्या शाळांत प्रामुख्याने तृतीय भाषा म्हणून शिकवला जातो. अमेरिकेतील अनेक शाळांत याच वयोगटातील प्रगत विद्यार्थ्यांसाठी 'ऑनर्स इंग्लिश' असा स्वतंत्र वर्ग असतो. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात अशी गुणवत्तेनुसार विभागणी नाही. विषयाची काठिण्यपातळी शाळेच्या माध्यमावरून ठरते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या बहुभाषिक शहरात हा फरक ठळकपणे दिसतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजीचे अध्यापन पाचवीपासून सुरू होत असे. २००० साली रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून सुरू झाले. त्यामुळे सहावीत येणारा विद्यार्थी, जो पूर्वी इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षात असे, तो आता सहाव्या वर्षात असतो आणि या स्तरावरील अपेक्षाही त्यानुसार वाढल्या आहेत. व्याकरणाचे नियम व भाषांतर यांवर भर देणाऱ्या जुन्या पद्धतीची जागा संभाषण आणि कृती यांवर आधारलेल्या अध्यापनाने घेतली.

पाठ्यपुस्तके

पाठ्यपुस्तके पुण्यातील महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच बालभारती, तयार करते. या संस्थेची स्थापना १९६७ मध्ये झाली. प्रथम भाषेसाठी 'इंग्लिश बालभारती' आणि अन्य माध्यमांसाठी 'माय इंग्लिश बुक' अशा दोन स्वतंत्र मालिका आहेत. सहावीची नवी पुस्तके २०१६, सातवीची २०१७ आणि आठवीची २०१८ मध्ये लागू झाली. नववीपासून हेच दोन प्रवाह 'इंग्लिश कुमारभारती' आणि 'माय इंग्लिश कोर्सबुक' या नावांनी पुढे चालू राहतात.

अपेक्षा व वर्गकार्य

श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखन ही विषयाची चार अंगे आहेत. विद्यार्थ्याने सूचना ऐकून त्यांप्रमाणे कृती करावी, परिचित विषयावर काही वाक्ये बोलावीत, अपरिचित उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे द्यावीत, शब्दकोश वापरावा आणि पत्र, संवाद, वर्णन किंवा लहान गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहावी, अशी अपेक्षा असते. प्रथम भाषेच्या पुस्तकात उतारे अधिक दीर्घ असतात व साहित्याच्या आस्वादाला अधिक वाव असतो. तृतीय भाषेत भर दैनंदिन वापरावर असतो.

काही अडचणी मातृभाषेच्या घडणीतून येतात. मराठीत इंग्रजीतील 'अ', 'ॲन', 'द' यांसारखी उपपदे नाहीत आणि क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते. 'मला ताप आला आहे' या वाक्यात कर्ता ताप आहे. इंग्रजीत मात्र 'आय हॅव फीवर' असे म्हणताना बोलणारी व्यक्तीच कर्ता होते. 'शिप' (जहाज) आणि 'शीप' (मेंढी) यांतील स्वराच्या फरकाने इंग्रजीत अर्थ बदलतो. मराठी उच्चारात ऱ्हस्व-दीर्घ इकाराने अर्थभेद क्वचितच होतो. म्हणून शब्दार्थ पाठ असूनही वाक्यरचना चुकते आणि सरावाची गरज भासते.

मूल्यमापन

२०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती लागू झाली. तिचे आकारिक आणि संकलित असे दोन भाग आहेत. आकारिक मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आदी साधने वापरली जातात. संकलित मूल्यमापन प्रत्येक सत्राच्या अखेरीस होते. या पद्धतीनुसार सहावीत दोन्ही भागांना प्रत्येकी ५० टक्के, तर सातवी व आठवीत आकारिकला ४० आणि संकलितला ६० टक्के भारांश ठरवण्यात आला. निकाल अ-१ ते इ-२ अशा ९ श्रेणींत देण्याची तरतूद आहे.

२०२३-२४ पासून पाचवी व आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक करण्यात आले. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला पुनर्परीक्षेची संधी मिळते. त्यातही यश न आल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते. आठवीच्या परीक्षेत तृतीय भाषेचाही समावेश असल्याने इंग्रजीतील अपयश आता वर्षावर परिणाम करू शकते.

शिष्यवृत्ती परीक्षा आणि सेमी इंग्रजी

गुणवंत विद्यार्थ्यांसाठीचे वेगळे आव्हान प्रामुख्याने उच्च प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षेतून मिळते. २०१६-१७ पासून ही परीक्षा सातवीऐवजी आठवीत घेण्यास सुरुवात झाली. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी तिच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत इंग्रजी ५० गुणांसाठी आणि बुद्धिमत्ता चाचणी १०० गुणांसाठी असते.

सेमी इंग्रजीत गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवले जातात, मात्र इंग्रजी हा भाषाविषय तृतीय भाषेच्या पातळीवरच राहतो. अनेक शाळांत या तुकड्यांकडे हुशार विद्यार्थ्यांच्या तुकड्या म्हणून पाहिले जाते. भाषेच्या तासाला संभाषणापुरती इंग्रजी आणि विज्ञानाच्या तासाला पारिभाषिक इंग्रजी, अशा दोन पातळ्या तेथील विद्यार्थ्याला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

भिवंडीतील स्थिती

भिवंडी हे यंत्रमाग उद्योगाचे शहर असून २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे ७ लाख होती. उद्योगासाठी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा आदी भागांतून आलेल्या कुटुंबांमुळे शहरात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा आहेत. राज्याच्या २०२० च्या अधिनियमाने पहिली ते दहावी मराठी विषय सक्तीचा केला आहे. त्यामुळे उर्दू माध्यमातील विद्यार्थी उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी उर्दू आणि डावीकडून उजवीकडे लिहिल्या जाणाऱ्या मराठी व इंग्रजी अशा तीन लिप्या शिकतो. उर्दू लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा दाखवले जात नाहीत, तर इंग्रजीत ते अक्षरांनी लिहावे लागतात. इंग्रजीतील मोठ्या व लहान अक्षरांचा भेदही या मुलांच्या दृष्टीने नवा असतो.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी दर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक आवश्यक आहे आणि भाषांसाठी किमान एक शिक्षक असण्याची तरतूद आहे. इंग्रजीसाठी स्वतंत्र शिक्षक बंधनकारक नाही. परिणामी, लहान शाळेत एकाच शिक्षकावर सर्व भाषांची जबाबदारी येऊ शकते. ज्या घरात इंग्रजी बोलली जात नाही, तेथील मुलासाठी शाळेतील तास हाच संभाषणाच्या सरावाचा मुख्य आधार असतो.