कोलोनोस्कोपीचे यश आदल्या दिवशीच ठरते. आतड्याची स्वच्छता का आणि कशी करावी

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजेच कोलोनोस्कोपी, साधारणपणे अर्ध्या तासात आटोपते. तपासणी करणारे डॉक्टर कितीही निष्णात असले आणि यंत्र कितीही अद्ययावत असले, तरी तिचे यश बऱ्याच अंशी रुग्णाने आदल्या दिवशी आणि त्या पहाटे घरी काय केले यावर अवलंबून असते. आतडे पूर्ण स्वच्छ नसेल, तर जे शोधायचे तेच नजरेआड राहते. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार, सुमारे चार ते पाच तपासण्यांपैकी एका तपासणीत आतड्याची तयारी अपुरी आढळत आली आहे.

भारतात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी सरसकट तपासणीची तरतूद आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी तशी राष्ट्रीय योजना नाही. अमेरिकेत लक्षणे नसलेल्या व्यक्तींनाही वयाच्या ४५व्या वर्षापासून ही तपासणी सुरू करण्याचा सल्ला २०२१ पासून दिला जातो. आपल्याकडे मात्र बहुतेक रुग्ण लक्षणे दिसल्यावरच येतात: शौचावाटे रक्त जाणे, कारण न कळता हिमोग्लोबिन घटणे, शौचाच्या सवयीत बदल होणे किंवा वजन उतरणे. त्यांतील अनेकांनी रक्तस्राव मूळव्याधीचा समजून काही महिने घालवलेले असतात. उशिरा झालेली तपासणी अपुऱ्या तयारीमुळे वाया जाणे अशा रुग्णाला परवडणारे नसते.

थोडा मळही का चालत नाही

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असून त्याच्या आतल्या बाजूस अनेक वळणे आणि घड्या असतात. डॉक्टर दुर्बिणीची लवचीक नळी आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात आणि ती हळूहळू मागे घेत अस्तराचा प्रत्येक भाग न्याहाळतात. त्यांचा शोध प्रामुख्याने 'पॉलिप' म्हणजेच मांसांकुरांचा असतो. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात; मात्र काहींचे रूपांतर सर्वसाधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या कालावधीत कर्करोगात होऊ शकते. असा पॉलिप वेळीच दिसला, तर बहुधा त्याच तपासणीत काढून टाकता येतो. न्यू यॉर्कमधील विल्यम वोल्फ आणि हिरोमी शिन्या या शल्यविशारदांनी १९६९ मध्ये दुर्बिणीतूनच पॉलिप काढण्याची पद्धत रुजवली, तेव्हापासून ही तपासणी केवळ निदानाची न राहता कर्करोग टाळण्याचे साधनही झाली.

परंतु सर्वच पॉलिप देठावरील फुलासारखे उठून दिसत नाहीत. विशेषतः आतड्याच्या उजव्या भागातील काही पॉलिप सपाट, फिकट आणि चिकट स्रावाने झाकलेले असतात. त्यांच्यावर मळाचा पातळ थर असला, तरी ते सहज निसटतात. अलीकडे काही रुग्णालयांत पॉलिप ओळखण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली जाते. पण कॅमेऱ्याला जे दिसतच नाही, ते संगणकालाही दाखवता येत नाही. उरलेले पाणी दुर्बिणीतून शोषून घेता येते. घट्ट मळ, फळांच्या बिया किंवा भाज्यांचे तंतू मात्र शोषणाची नळी तुंबवतात.

पहाटेची मात्रा सर्वांत महत्त्वाची

आतडे स्वच्छ करणारे औषध दोन भागांत घेण्याची पद्धत आता जगभर प्रमाण मानली जाते. पहिला भाग आदल्या संध्याकाळी आणि दुसरा तपासणीच्या साधारण चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचा असतो. सकाळी नऊची वेळ असेल, तर दुसऱ्या भागासाठी पहाटे चारच्या सुमारास उठावे लागते. झोपमोड नको म्हणून अनेक जण सगळे औषध रात्रीच संपवतात आणि तयारीत नेमकी इथेच चूक होते.

यामागील कारण सोपे आहे. पोटात अन्न नसले, तरी लहान आतड्यातून पित्तमिश्रित स्राव रात्रभर मोठ्या आतड्यात उतरत राहतो. रात्री स्वच्छ झालेल्या अस्तरावर, विशेषतः उजव्या भागात, सकाळपर्यंत त्याचा पिवळसर चिकट थर बसतो. सपाट पॉलिपही बहुधा याच भागात असतात. पहाटेची मात्रा हा थर धुऊन काढते. तपासणी दुपारी असेल, तर काही रुग्णांना संपूर्ण औषध त्याच दिवशी सकाळी घेण्याची मुभा दिली जाते. तो निर्णय डॉक्टरांचा असतो.

औषध कसे काम करते

सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांचे चूर्ण. ते ठरावीक प्रमाणात पाण्यात विरघळवून प्यायचे असते. हे द्रावण १९८० मध्ये अमेरिकेतील संशोधक जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. त्यातील पॉलिएथिलीन ग्लायकॉल जवळजवळ शोषले जात नाही आणि क्षारांचे प्रमाण असे राखलेले असते की शरीरातील पाणी व क्षार फारसे आत-बाहेर होत नाहीत. प्यालेले द्रावण आतडे धूत सरळ बाहेर पडते. म्हणूनच पाण्याचे प्रमाण मनाने कमी करणे किंवा 'दोन पेले झाले, आता पुरे' असे ठरवणे योग्य नाही.

त्याआधीच्या आणि इतर उपायांचा अनुभव सावध करणारा आहे. मॅनिटॉल या साखरेसारख्या पदार्थावर आतड्यातील जिवाणू हायड्रोजन वायू तयार करतात. पॉलिप काढताना विजेचा वापर होतो आणि अशा वेळी आतड्यात स्फोट झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत. सोडियम फॉस्फेटच्या द्रावणामुळे मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका लक्षात आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये कडक इशारा जारी केला. पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियमचे मिश्रण कमी प्यावे लागते, परंतु वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम घटण्याची शक्यता असते. शेजाऱ्यांनी वापरलेले औषध आपल्यालाही चालेल, असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही. एरंडेल, त्रिफळा चूर्ण किंवा नुसता एनिमा हेही या तयारीला पर्याय ठरत नाहीत.

'उपाशी' म्हणजे उपवास नव्हे

आदल्या दिवशी, आणि बद्धकोष्ठता असल्यास दोन-तीन दिवस आधीपासून, चोथा कमी असलेला आहार घ्यावा लागतो. मऊ पांढरा भात, गाळलेले वरणाचे पाणी, इडली, साधा पाव, साल काढलेला उकडलेला बटाटा हे पदार्थ सहसा चालतात. पालेभाज्या, भेंडी, वांगे, टोमॅटो, मोड आलेली कडधान्ये, ज्वारी-बाजरीची भाकरी, पेरू, डाळिंब, अंजीर, तीळ, खसखस आणि आळीव टाळावेत. इसबगोल बंद ठेवावे लागते. लोहाच्या गोळ्यांमुळे मळ काळा व चिकट होतो, म्हणून त्या साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवण्यास सांगितले जाते.

मराठी घरांत एक गोंधळ हमखास होतो. 'उपाशी राहा' याचा अर्थ 'उपवास करा' असा घेतला जातो आणि शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचे लाडू पानात येतात. तपासणीच्या दृष्टीने हे पदार्थ नेहमीच्या जेवणाइतकेच अडचणीचे ठरतात. घन आहार बंद करण्यास सांगितल्यानंतर फक्त आरपार दिसणारी पेये घ्यायची असतात: पाणी, शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, दूध न घातलेला चहा, गाळलेले सफरचंदाचे रस. दूध, ताक, सोलकढी व आंब्याचे पन्हे यांत बसत नाहीत. कोकम सरबत, बीट किंवा डाळिंबाचा रस पातळ असला तरी वर्ज्य मानावा; त्यांचा लाल-जांभळा रंग अस्तरावर रक्तासारखा दिसू शकतो.

नेहमीच्या औषधांचे काय

मधुमेहींनी तारीख ठरतानाच डॉक्टरांशी बोलावे. जेवण बंद असताना इन्सुलिन किंवा गोळ्यांची नेहमीची मात्रा घेतल्यास साखर एकदम खाली येऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवण्याचा सल्ला दिला जातो. कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्लता वाढू शकते आणि साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने ते ध्यानात येत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत तर स्वतःहून काहीही करू नये. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवले जाते. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल आणि त्यांसारखी इतर औषधे थांबवायची की नाहीत, आणि किती दिवस, हे हृदयरोगतज्ज्ञांशी विचारविनिमय करून ठरते. हृदयात स्टेंट असलेल्या व्यक्तीने परस्पर गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते. मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार, गर्भधारणा, पूर्वीची पोटाची शस्त्रक्रिया यांचीही आधीच कल्पना द्यावी.

घर, प्रवास आणि सोबत

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीसाठी येणाऱ्यांना पहाटेची मात्रा घेऊन एसटी किंवा रेल्वेचा प्रवास करणे अशक्यप्राय असते. आदल्या रात्री रुग्णालयाजवळ मुक्काम करणे, किंवा लांबून येत असल्याचे सांगून दुपारची वेळ मागणे, हे दोन व्यवहार्य मार्ग आहेत. सामायिक शौचालय किंवा पाण्याची टंचाई असलेल्या वस्तीतील रुग्णानेही ही अडचण संकोच न करता सांगावी. काही रुग्णालये अशा रुग्णांना आदल्या दिवशी दाखल करून घेतात. वयोवृद्धांना रात्री वारंवार उठताना घेरी येऊन पडण्याचा धोका असतो. त्यांच्यासोबत कोणीतरी जागे असावे आणि शौचालयाच्या वाटेवर दिवा राहू द्यावा.

द्रावण थंड करून, थोड्या-थोड्या घोटांत घेतल्यास सोपे जाते. मळमळ झाल्यास पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा सुरुवात करावी. सतत उलट्या, पोटात तीव्र वेदना, पोट फुगणे किंवा भोवळ येणे ही लक्षणे दिसल्यास औषध थांबवून त्वरित डॉक्टरांशी संपर्क साधणे आवश्यक आहे. तपासणीत गुंगीचे औषध दिले जात असल्याने परतताना सोबत हवी. त्या दिवशी वाहन चालवू नये.

तयारी झाली, हे कसे ओळखावे

शेवटी बाहेर पडणारे पाणी लघवीसारखे फिकट पिवळे आणि तळ दिसेल इतके नितळ असावे. ते तपकिरी, गढूळ किंवा कणयुक्त असेल, तर रुग्णालयात पोहोचताच परिचारिकेला तसे सांगावे. अनेकदा आणखी औषध देऊन किंवा वेळ पुढे ढकलून तपासणी त्याच दिवशी वाचवता येते. हे सांगण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. जुनाट बद्धकोष्ठता, मधुमेह किंवा अफूजन्य वेदनाशामके यांमुळे सर्व सूचना पाळूनही काहींचे आतडे पूर्ण स्वच्छ होत नाही.

तपासणीनंतर डॉक्टर आतड्याच्या स्वच्छतेचीही नोंद करतात. 'बोस्टन' मापनपद्धतीत उजवा, मधला आणि डावा अशा तीन भागांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण मिळतात आणि प्रत्येक भागाला किमान दोन गुण असतील, तरच तयारी पुरेशी मानली जाते. अहवाल हाती आल्यावर रुग्णाने ही नोंदही पाहावी. तयारी पुरेशी असताना आलेला 'काहीही आढळले नाही' हा निष्कर्ष दिलासा देणारा असतो. तयारी अपुरी असेल, तर त्याच शब्दांवर विसंबता येत नाही आणि तपासणी पुन्हा केव्हा करायची, हे डॉक्टरांना तेव्हाच विचारून घेणे हिताचे ठरते.