हात मोकळे असले, तरच

पावलं मोजायची सगळ्यात खात्रीची पद्धत अजूनही माणसाच्याच हातात आहे. एकाने चालायचं आणि दुसऱ्याने मागोमाग जात, त्याच्या पायांवरची नजर न हलवता, प्रत्येक पावलाला काउंटरचं बटण दाबायचं. संशोधक मनगटी घड्याळांची परीक्षा घेतात तेव्हाही अशी डोळ्यांनी केलेली मोजणी किंवा पायांचं चित्रीकरण हेच प्रमाण मानतात. नामजपासाठी बोटात अडकवतात तो छोटा काउंटर या कामाला उत्तम. तो घेऊन मी पुण्यातल्या आमच्या सोसायटीत घरच्या आणि शेजारच्या माणसांच्या मागे चालत राहिले. घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर तेच, वाटही बहुतेक तीच. बदलत होती ती माणसं, आणि त्यांच्या हातात काय आहे ते.

सकाळी हात झुलवत झपझप चालणाऱ्यांच्या बाबतीत घड्याळाला नावं ठेवायला जागा नाही. ५०० पावलांमागे बोटांवर मोजण्याइतका फरक. त्याच माणसाच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आल्या की काही पावलं गळायला लागतात. बाबागाडी ढकलताना गळती आणखी वाढते. हात दांड्यावर घट्ट, पाय चालताहेत, आणि आकडा बराच वेळ जागचा हलत नाही.

कारण घड्याळाला पाय दिसतच नाहीत. त्याच्या पोटात अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म भार तितक्याच नाजूक पट्ट्यांवर तोललेला असतो. मनगट हललं की तो किंचित सरकतो, त्यामुळे विजेच्या मापात बदल होतो, आणि त्यावरून तिन्ही दिशांची हालचाल सेकंदाला अनेक वेळा नोंदली जाते. या नोंदींमध्ये घड्याळ ताल शोधतं. सहज चालताना माणूस मिनिटाला १०० ते १२० पावलं टाकतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. मनगटावर मात्र हा हिशेब गुंतागुंतीचा होतो. पाय टेकल्याचा हादरा प्रत्येक पावलाला येतो, पण हात पुढे जाऊन मागे येईपर्यंत दोन पावलं पडलेली असतात. एकाच नोंदीत दोन ठेके मिसळलेले. त्यातून पावलं वेगळी काढायला नियम लागतात. ठेका ठरावीक मर्यादेत हवा, हिसका पुरेसा मोठा हवा, आणि अशी काही पावलं सलग पडायला हवीत. अनेक घड्याळं पहिली काही पावलं राखून ठेवतात आणि चालणं नक्की झालं की एकदम जमा करतात.

हा शेवटचा नियम स्वयंपाकघरात काय करतो ते बघण्यासारखं आहे. ओट्यापासून फ्रिजपर्यंत चार पावलं. कोथिंबीर घेऊन परत चार. मग गॅस बारीक करायचा, डबा काढायला वाकायचं, बेल वाजली म्हणून दारापर्यंत जाऊन यायचं. काउंटरवरचा आकडा वाढत होता, घड्याळ ढिम्म होतं. चार पावलं हे त्याच्या लेखी चालणंच नव्हे. मग भाकरी थापायला घेतली. परातीत पीठ भुरभुरलं, गोळा ठेवला, आणि तळहाताने गोल फिरवत एकसारखी थाप सुरू झाली. सेकंदाला दोनच्या आसपास. बाई एका जागी उभी, आणि आकडा धावायला लागला. आरतीच्या टाळ्यांनीही तेच झालं. टाकलेली पावलं वगळली आणि न टाकलेली जमेला धरली. या दोन उलट चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि दिवसाअखेरी बेरीज पटण्यासारखी दिसते. तिच्यावर विश्वास बसतो तो त्यामुळेच.

सगळ्यात जास्त तफावत दिसली ती शेजारच्या आजींच्या बाबतीत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या वॉकर धरून चालतात. आधी वॉकर हातभर पुढे, मग एक पाय, मग दुसरा त्याच्या शेजारी, आणि क्षणभर विसावा. दोन्ही मनगटं दांड्यावर टेकलेली, अंगाचा भार त्यांच्यावर. लिफ्टपासून गेटपर्यंत जाऊन आम्ही परत आलो, तेव्हा काउंटरने मोजलेल्यांपैकी निम्मी पावलंही घड्याळात नव्हती. आजी म्हणाल्या, "अगं, मी एवढी चालले, आणि हे म्हणतंय मी बसूनच होते?" मग तेच घड्याळ त्यांच्या पायमोज्यात, घोट्याशी सरकवलं. पुढच्या फेरीत आकडा काउंटरच्या बराच जवळ आला. हळू चालणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासात घोट्याला बांधायची साधनं वापरतात ती याच कारणाने. पाय कितीही सावकाश उचलला तरी घोटा हलल्याशिवाय पाऊल पडत नाही.

पावलं मोजणं मुळात मनगटाचं काम नव्हतंच. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेला, रोज १०,००० पावलांचं लक्ष्य देणारा प्रसिद्ध पेडोमीटर कमरेला लावायचा होता. ते लक्ष्यही वैद्यकीय संशोधनातून निघालेलं नव्हतं. फिटबिटचा २००९चा पहिला ट्रॅकर कपड्याला अडकवायचा होता, मनगटावरचा फ्लेक्स आला २०१३ मध्ये. मनगटावरचं यंत्र हरवत नाही, धुण्यात जात नाही, मान वळवली की दिसतं. ही सोय मोठी आहे, पण तिची किंमत अचूकतेने चुकवावी लागते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली १४ निरोगी माणसांना ट्रेडमिलवर चालवलं आणि पावलं डोळ्यांनी मोजली. एका मनगटी पट्ट्याने पाचव्या हिश्श्याहून जास्त पावलं गाळली होती. आजची घड्याळं त्यापेक्षा सुधारलेली आहेत. पण ट्रेडमिलवर कुणाच्या हातात पिशव्या नसतात, बाळ नसतं, वॉकरही नसतो.

या चुकीची झळ सर्वांना सारखी बसत नाही, म्हणून ती मला क्षुल्लक वाटत नाही. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा स्थिरावला. त्या स्त्रियांची पावलं मोजणारं यंत्र कमरेला लावलेलं होतं. तरुण माणसाच्या १२,००० पावलांतली काहीशे गळाली तर काही बिघडत नाही. वयस्कर बाईच्या ३,००० पावलांतली हजार गळाली, तर ती जिथे पोचली आहे तिथे पोचलीच नाही असं तिला सांगितलं जातं. आणि हळू चालणारी, आधाराने चालणारी, घरातल्या घरात चार-चार पावलांनी फिरणारी माणसंच घड्याळाच्या हातून सर्वाधिक सुटतात. फोन खिशात ठेवावा म्हणावं, तर साडीला खिसा नसतो.

घड्याळ फेकून द्यावं असं मुळीच नाही. सपाट रस्त्यावर आपणच ५०० पावलं मनात मोजावीत आणि घड्याळाशी ताडून बघावीत. हात मोकळे ठेवून एकदा, पिशवी घेऊन एकदा. आपलं घड्याळ कुठे चुकतं ते कळलं की त्याचा आजचा आकडा कालच्या आकड्याशी लावता येतो, आणि तेवढ्यासाठी ते भरवशाचं आहे. बाबागाडी ढकलताना ते पायमोज्यात ठेवावं. सेटिंगमध्ये घड्याळ कोणत्या हातावर आहे हे विचारलं असेल तर खरं उत्तर भरावं, कारण कामाचा हात जास्त हलतो आणि हिशेब त्यावरून बदलतो. आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी मात्र लावू नये. त्याचे हात दिवसभर कशात गुंतले होते हे त्यात लिहिलेलं नसतं.

आता कचेऱ्यांमध्ये पावलांच्या स्पर्धा होतात, काही आरोग्य विमा योजनांत चालण्यावर सवलत मिळते. पावलांना पैशाचं मोल आलं की मोजणीतली चूक हा अन्यायाचा प्रश्न होतो. अशा योजना आखणाऱ्यांनी आपलं यंत्र आधी वॉकर धरलेल्या, मूल कडेवर घेतलेल्या आणि ओट्याशी उभ्या असलेल्या माणसांवर तपासावं, आणि तिथे ते किती चुकतं हे जाहीर करावं. तोवर पावलांवरून कुणाला आळशी ठरवण्याचा अधिकार त्यांना नाही.