एकास दीड, तीन… आणि पाणी?

स्लॅब टाकताना माल कोणता वापरताय असं विचारलं, की बहुतेक छोट्या बांधकामांवर ‘एकास दीड, तीन’ हे उत्तर मिळतं आणि ते ऐकून घरमालक एम 20 मिळाल्याचं समाधान मानतो. पण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी हे प्रमाण मिक्सरमध्ये काय पडलं तेवढंच सांगतं. एम 20 हा दर्जा निकालावर ठरतो. 150 मिलिमीटर बाजूचा ठोकळा 28 दिवसांनी दाबून फोडला, तर त्याने दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटनचा दाब सोसला पाहिजे आणि शंभरात पाचांहून जास्त निकाल त्याखाली जाऊ नयेत, अशी अपेक्षा आयएस 456 ही भारतीय संहिता ठेवते. मालात चढउतार होणारच, हे गृहीत धरून मिश्रण आखणारा अभियंता एम 20 साठी सरासरी 26.6 न्यूटनचं लक्ष्य ठेवतो.

या प्रमाणात पाण्याचा उल्लेखच नाही आणि खरी मेख तिथेच आहे. सिमेंटच्या तुलनेत पाणी जितकं जास्त तितकी ताकद कमी, हा नियम डफ एब्रम्स यांनी 1918 मध्ये मांडला. सिमेंटशी संयोग न झालेलं पाणी उडून जातं आणि मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात. म्हणूनच संहिता ठरीव प्रमाणाच्या एम 20 ला 50 किलोच्या गोणीमागे वाळू-खडी मिळून 250 किलो आणि पाणी फार तर 30 लिटर अशी मर्यादा घालते. त्यातली वाळू साधारण 83 किलो. ती पाच टक्के ओली असेल तर चारेक लिटर पाणी तिच्यातूनच येतं. ते वजा न करता वरून पुन्हा 30 लिटर ओतले, तर पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.60 वरून 0.68 वर जातं. शिवाय दमट वाळू फुगते, त्यामुळे घमेल्याने मोजली तर वजनाला कमी भरते. म्हणजे प्रमाण तोंडी तेच राहतं आणि माल मात्र दर खेपेला बदलतो.

यावर ठेकेदार म्हणेल, माल पातळ नसेल तर सळयांमध्ये उतरत नाही. अडचण खरी आहे, पण तिला प्लास्टिसायझर आणि व्हायब्रेटर हे उपाय आहेत. अभियंत्याने सुरक्षिततेची सूट धरलेलीच असते, असाही युक्तिवाद होतो. ती सूट नेहमीच्या उणिवांसाठी असते. जाणूनबुजून ओतलेल्या पाण्यासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. सिमेंट वाढवूनही प्रश्न सुटत नाही, कारण जादा सिमेंटने उष्णता आणि आकुंचन वाढून तडे जाण्याचा धोका वाढतो. लहान घराला मिश्रणाची आखणी परवडत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून तर संहिता एम 20 पर्यंत ठरीव प्रमाण चालवून घेते.

तरीही एम 20 सगळीकडे पुरत नाही. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेचा थेट मारा असलेल्या आरसीसीला संहितेनुसार किमान एम 30 आणि 0.45 पेक्षा जास्त नसलेलं गुणोत्तर लागतं, कारण सच्छिद्र काँक्रीटमधून क्षार आत शिरून सळई गंजते. तेव्हा प्रमाण विचारणाऱ्या घरमालकाने आणखी दोन प्रश्न विचारावेत: गोणीमागे पाणी किती लिटर, आणि ठोकळ्यांचा 28 दिवसांचा अहवाल कुठे आहे?