निरोगी दिसणारं मांजर अचानक जातं तेव्हा

संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावरून आलं, ताटलीतला मासे-भात चाटूनपुसून संपवला आणि नेहमीसारखं बाहेर पडलं. सकाळी जिन्याखाली निपचित पडलेलं सापडलं. अंगावर ओरखडा नाही, तोंडाला फेस नाही, वय जेमतेम दीड वर्ष. पंचवटीतला जुना वाडा असो, गंगापूर रोडचा बंगला असो की सिडकोतलं भिंतीला भिंत लागून असलेलं घर, नाशिकमध्ये ज्या घरचं मांजर बाहेर हिंडतं, त्या घरावर अशी सकाळ येऊ शकते. मग घरातला प्रत्येक जण मनात तेच ते प्रश्न घोळवत राहतो. कुणी काही खायला घातलं का? रात्री आत घेतलं असतं तर? काल ते जरा गप्प होतं का? आणि होतं, तर आपल्या लक्षात कसं आलं नाही?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात खोल रुततो, आणि विज्ञानाकडे सगळ्यात समाधानकारक उत्तर आहे तेही याच प्रश्नाचं. दुखणं बाहेर दिसू नये, अशीच मांजराची घडण आहे. जो आपला हलगर्जीपणा वाटतो आणि ज्यासाठी आपण स्वतःला बोल लावत बसतो, तो बहुतेक वेळा हलगर्जीपणा नसतोच. लपवण्याची कला लाखो वर्षांत पुरती अंगी बाणलेला एक प्राणी आपल्या घरात राहत असतो.

घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं छोटं वाळवंटी रानमांजर. ते एकटं राहायचं, एकटं शिकार करायचं आणि मोठ्या जनावरांचं भक्ष्यही व्हायचं. कळपातला प्राणी विव्हळला तर सोबतचे धावून येण्याची शक्यता तरी असते. एकट्याचं विव्हळणं ऐकून येणार कोण, तर शत्रूच. त्यामुळे दुखलं तरी चाल न बिघडवणारी मांजरंच पिढ्यान्‌पिढ्या टिकली. ही सवय इतकी पक्की आहे की मांजराच्या चेहऱ्यावरची वेदना मोजायची खात्रीशीर पद्धत कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली ती 2019 साली. त्यात पाच गोष्टी बघतात: कानांची टोकं एकमेकांपासून लांब जाऊन बाहेर वळली आहेत का, डोळे किलकिले आहेत का, मुस्कट ताणलंय का, मिशा ताठ झाल्यात का आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलंय का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. हजारो वर्षं माणूस या प्राण्याला मांडीवर घेतोय, आणि त्याचा चेहरा वाचायची मोजपट्टी आत्ता कुठे त्याच्या हाती आली. आपल्याला कळलं नाही, यात नवल ते काय!

आता आत शिरू. धडधाकट दिसणारं तरुण मांजर अचानक दगावलं की पशुवैद्याच्या मनात ज्या शंका येतात, त्यात हृदय अगदी वर असतं. अक्रोडाएवढं हे हृदय मिनिटाला 140 ते 220 ठोके देतं. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या आजारात त्याच्या डाव्या जवनिकेची भिंत आतल्या बाजूला जाड होत जाते. हृदय सैल पडलेलं असताना सोनोग्राफीत ही भिंत सहा मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरली की डॉक्टर सावध होतात. भिंत जाडावते तसा आतला कप्पा आक्रसतो आणि त्यात रक्त कमी मावतं. स्नायूंचे तंतू एका दिशेत न राहता वेडेवाकडे होतात, अधेमधे व्रणासारखे चट्टे पडतात आणि त्यातून जाणारी विजेची लहर भरकटते. भरकटलेली लहर हृदयाला नुसतं थरथरवत ठेवते, रक्त पुढे ढकललंच जात नाही. मग काही सेकंदांतच शुद्ध हरपते. कुंपणावर चढताना, उडी मारताना, कधी झोपेतसुद्धा. मागे राहिलेल्यांसाठी एवढा एक दिलासा खरा आहे: हृदय असं थांबलं, तर वेदना जाणवायला जाग उरत नाही.

हा आजार दुर्मीळ नाही. लंडनमध्ये निवारा केंद्रांतल्या 780 वरवर निरोगी मांजरांची हृदयं तपासली गेली आणि 2015मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सातांत साधारण एका मांजरात ही जाडी सापडली. वय वाढतं तसं प्रमाण वाढतं आणि अशी कित्येक मांजरं आयुष्यभर मजेत जगतात. काहींच्या बाबतीत मात्र आजाराचं पहिलं लक्षण मृत्यू हेच असतं. स्टेथोस्कोप लावून हे हमखास कळेलच असं नाही, कारण कित्येक आजारी हृदयं वेगळा आवाजच करत नाहीत.

इथे एक थक्क करणारं नातं समोर येतं. मेन कून जातीच्या मांजरांत या आजाराचं मूळ 2005 साली ज्या जनुकात सापडलं, ते एमवायबीपीसी3 हे जनुक माणसातही आहे आणि तेच काम करतं. 2009मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की त्याच जनुकातला 25 अक्षरांचा एक तुकडा दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत गळालेला असतो आणि त्याचा हृदयस्नायूच्या आजाराशी संबंध आहे. मांजराच्या छातीत जे बिघडतं, त्याची वाट आपल्याही छातीतून जाते. आणि जनुकातला दोष हा जन्माआधीच लिहिलेला असतो. कुणी किती लाड केले, दार कधी बंद केलं, यानं त्यातलं एक अक्षरही बदलत नाही.

पण बाहेर फिरणाऱ्या मांजराच्या बाबतीत फक्त हृदयाकडे बोट दाखवून चालत नाही. लस न मिळालेल्या पिल्लाला पॅनल्युकोपेनिया गाठतो. हा पार्व्होविषाणू झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवरच झडप घालतो, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर. कधी कधी पिल्लू बारा तासांत जातं आणि विष घातल्याचा संशय शेजाऱ्यावर येतो. कुत्र्यांना छळणारा पार्व्हो 1970च्या दशकाच्या अखेरीस जगभर पसरला, तो याच विषाणूच्या घराण्यातून निघालेला. मांजरांचा हा विषाणू अंथरुणात, फरशीच्या फटीत वर्षभरही तग धरतो. म्हणूनच घरात मांजर असं गेलं असेल, तर नवीन पिल्लू लस पूर्ण झाल्याशिवाय आणू नये आणि फरशी ब्लीचच्या पाण्यानं पुसून घ्यावी.

नाशिकसारख्या द्राक्षांच्या पट्ट्यात आणखी एक शक्यता धरावी लागते. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बागांत ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरीसाठी फवारण्या सुरू होतात. घरोघरी उंदरांचं औषध असतं, ते वेगळंच. मांजर असल्या गोष्टी मुद्दाम खात नाही. त्याच्या पोटात त्या जातात त्याच्याच स्वच्छतेच्या सवयीतून. मांजराची जीभ जवळून पाहिली तर तिच्यावर शेकडो अणकुचीदार काटे दिसतात. 2018मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे काटे बारकाईनं तपासले. प्रत्येक काट्याच्या टोकाला एक पोकळ खोबण असते. ती तोंडातली लाळ आपोआप ओढून घेते आणि केसांच्या मुळाशी, थेट कातडीपर्यंत नेऊन सोडते. इतकं नेटकं अंग घासणारं साधन निसर्गात क्वचितच असेल. मात्र केसाला जे लागलं, ते पोटात जाणार, हेही त्यासोबत ठरून जातं.

पोटात गेलेलं यकृतानं निकामी करायचं, तर तिथेही मांजराची अडचण आहे. कित्येक रसायनांवर साखरेचा रेणू चिकटवून ती शरीराबाहेर टाकायचं काम आपलं यकृत करतं. त्यासाठी लागणारं यूजीटी1ए6 हे जनुक मांजरात मोडून पडलेलं आहे. 2011मधल्या एका अभ्यासात मार्जारकुळातले जे प्राणी तपासले, त्या सगळ्यांत ते मोडलेलंच निघालं. यामागचं कारण असं सांगतात की, ज्यांच्या पूर्वजांनी निव्वळ मांस खाल्लं, त्यांना वनस्पतींतली विषारी द्रव्यं पचवायची वेळच आली नाही. न वापरलेलं हत्यार गंजून गेलं. म्हणून आपल्याला तापात आराम देणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवर लावायचं परमेथ्रिनचं औषध मांजराला चालत नाही, तेही त्याचं यकृत अशी द्रव्यं सावकाश निकामी करतं म्हणून.

उंदरांच्या औषधांचीही तऱ्हा वेगवेगळी. झिंक फॉस्फाईडची काळसर पूड पोटातल्या आम्लाशी मिसळली की फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि काही तासांत खेळ आटोपतो. ब्रोमॅडिओलोन मात्र रक्त गोठण्याची व्यवस्था हळूहळू बंद पाडतं. दोन-चार दिवस मांजर ठीक दिसतं आणि छातीत आतल्या आत रक्तस्राव होऊन अचानक जातं. विष खाल्लेला उंदीर खाल्ला तरी हेच होऊ शकतं. शिवाय मण्यार आहेच. रात्रीची फिरते, दंश फारसा दुखत नाही, सूज जवळपास नसते, आणि दातांची खूण दाट केसांत सापडत नाही. वाहनाचा धक्का बसलेल्या मांजराच्या अंगावरही कित्येकदा काही दिसत नाही. अशा वेळी नखं बघावीत. रस्त्यावर फरपटताना मांजर डांबराला नखं रोवायचा प्रयत्न करतं आणि ती कुरतडल्यासारखी फाटतात.

काही मांजरं तर परतच येत नाहीत. नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत 87 टक्के आहार पाळीव प्राण्यांचा निघाला. पहिला क्रमांक कुत्र्यांचा, सुमारे 39 टक्के, आणि दुसरा घरच्या मांजरांचा, सुमारे 15 टक्के. ऊस आणि नदीकाठ असलेल्या आपल्या भागात ही गोष्ट विसरून चालत नाही.

मग नक्की कारण कसं कळणार? शवविच्छेदनानं. त्यासाठी पशुवैद्याला लवकर गाठावं लागतं, कारण नाशिकच्या उन्हाळ्यात ऊती काही तासांत विरघळू लागतात. तोवर देह प्लास्टिकमध्ये गुंडाळून थंड ठेवावा, पण बर्फासारखा गोठवू नये. गोठताना पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मग काही वाचता येत नाही. विषाचा संशय असेल तर तसं आधीच सांगावं. हातमोजे घालूनच हाताळावं. आणि त्या मांजरानं आधीच्या काही दिवसांत घरातल्या कुणाला चावलं किंवा ओरबाडलं असेल, तर रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. इथे वाट बघायची नाही. एवढं सगळं करूनही काही वेळा अहवालात कारण सापडत नाही. भरकटलेली विजेची लहर मागे खूण ठेवत नाही, आणि रसायनांच्या चाचण्या जे शोधायला सांगावं तेवढंच शोधतात.

राहतं ते दुःख. त्याला आपल्याकडे रजा मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही, उलट ‘मांजरच तर होतं, दुसरं आण’ असं ऐकावं लागतं. समाज ज्या दुःखाला जागाच देत नाही, त्यावर अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 साली ग्रंथ सिद्ध केला. ते वरून हलकं भासतं, पण व्यक्त करता न आल्यानं आतल्या आत कुजत राहतं, हे तेव्हापासून अभ्यासाचा विषय झालं. माणसाला मात्र हे दुःख फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. हिरोडोटसनं इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात इजिप्तबद्दल लिहून ठेवलंय की घरचं मांजर मेलं की त्या घरातली सगळी माणसं भुवया काढून टाकत. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका कबरीशेजारी, माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम हातभर अंतरावर, आठ महिन्यांच्या मांजराचा पुरलेला सांगाडा सापडला. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी 2004मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. आणि आपल्या आज्या सांगायच्या, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर काशीला दान करावं लागतं. या तिन्ही ठिकाणी त्या जिवाचं मोल माणसानं आपापल्या परीनं मान्य केलं होतं.

म्हणून रडू आलं तर रडावं. मुलांना ‘पळून गेलं’ असं सांगू नये. ती वर्षानुवर्षं वाट बघतात. जे खरं आहे ते, कारण कळलं नाही हेसुद्धा, सोप्या शब्दांत सांगावं. घरात दुसरं मांजर असेल तर त्याची लस बघावी, हृदयाची एकदा सोनोग्राफी करून घ्यावी, उंदरांचं औषध घरातून आणि शेजारूनही हटवायची विनंती करावी, आणि अंधार पडला की त्याला आत घ्यावं. ही यादी पुढच्यासाठी आहे. गेलेल्याच्या हिशेबात ती उलटी लावत बसू नये. जी खूण शास्त्रज्ञांना यंत्र लावूनही कधी कधी दिसत नाही, ती स्वयंपाकघराच्या उजेडात, ताटली पुढे सरकवताना, आपल्याला दिसायला हवी होती, ही अपेक्षा कुणीच कुणाकडून करू शकत नाही. आपल्या वाट्याला आलेलं काम त्याला खाऊ घालण्याचं, कुरवाळण्याचं आणि रोज संध्याकाळी त्याची वाट बघण्याचं होतं. ते आपण केलं, आणि दीड वर्षाच्या त्या आयुष्यात तेच सगळ्यात मोठं होतं.